सहाव्या पट्ट्यातला वास

४ ऑगस्ट, सोमवार

आज ऑफिसात केक कापला. वाढदिवस कुणाचाही नव्हता. करारावर आलेल्या मायते ओयार्सूनबाईंना सालार विउदाच्या मीठरानात समुद्रपाकोळी पक्ष्यांची बिळं सापडली, म्हणून केक! आणि सापडली कुठे, तर सहाव्या पट्ट्यात. जूनमध्ये ज्या पट्ट्यावर मी स्वतः हुंगून 'निरंक' लिहून दिलं, नेमक्या त्याच पट्ट्यात.

केकचा तुकडा मायतेनेच पुढे केला. "घ्या ना, सेन्योरा नेल्दा, अननसाचा आहे." घेतला. न घेऊन सांगते कुणाला? चव म्हणाल तर ओला कापूस. बाकी सगळे बोटं चाटत होते. फुकट मिळालं की लोकांना काहीही गोड लागतं.

हे हुंगण्याचं काम या कंपनीत आणलं कुणी? मी. सान्तियागोहून सौर पॅनेलवाले येतात, त्यांना वाटतं वाळवंट म्हणजे रिकामी जागा, अंथरली पॅनेलं की झालं. परवान्याआधी तिथे काय काय जगतंय ते मोजून लिहून द्यायचं, हे आमचं काम. आणि त्या ओसाड रानात काळी समुद्रपाकोळी मिठाच्या पापुद्र्याखाली अंडं घालते. दिवसा तोंड दाखवत नाही. बीळ इतकं वाकडं की नळीचा कॅमेरा पहिल्याच वळणावर अडतो. मग पोटावर पालथं पडा, भोकाशी नाक न्या आणि वास घ्या. माशाच्या तेलात भिजवून विसरून गेलेल्या लोकरीचा वास. तो कसा ओळखायचा हे मी शिकवलं सगळ्यांना. इकिकेपासून आरिकापर्यंत मला 'नाक' म्हणूनच ओळखतात. आणि आज आमचा ड्रायव्हर चेलो मायतेला म्हणतो काय, "छोटं नाक, अजून एक तुकडा घ्या!"

आयत्या बिळावर नागोबा. दुसरं काय.

८ ऑगस्ट

उलिसेसने गॅसची शेगडी काढून विजेची आणली. मला विचारलंही नाही. म्हणे, "अगं म्हातारे, नवा जमाना आहे." नवा जमाना कसला, परवा दूध करपलं त्याचा राग. मी शेजारच्याच खोलीत नकाशे बघत बसले होते. हा बंदरावरून आला तो दारातूनच ओरडत आत धावला, खिडक्या उघडल्या, माझे खांदे धरून मला हलवलं. वाटीभर दुधासाठी एवढा तमाशा!

हल्ली स्वयंपाकही तोच करतो. मासे आणले की मला हात लावू देत नाही, आधी स्वतः उलटेपालटे करून बघतो. नवरा अचानक गुणी झाला की बायकोने डोळे उघडे ठेवावेत, असं माझी मावशी म्हणायची. मावशीचा अनुभव दांडगा होता.

१२ ऑगस्ट

रानात गेले. म्हटलं, बघू तरी बाईसाहेब कशा हुंगतात.

सकाळी धुकं होतं, मीठ पायाखाली कडाकडा वाजत होतं. मायते पालथी पडली, एका भोकाशी नाक नेलं, आणि लगेच हात वर. निळं निशाण लावा! पुढचं भोक. निशाण! मी मागोमाग त्याच भोकांवर पडले. नाक अगदी आत घातलं, कपाळाला मीठ लागलं. काही नाही. थंड हवा. पुढच्यातही काही नाही.

"पोरी," मी म्हटलं, "तुला रिकाम्या भोकांचा भलताच लळा दिसतो."

"रिकामं?" ती उठून बसली. "सेन्योरा नेल्दा, इथे तर भपकारा आहे हो!"

"जेफा, मला उभ्या उभ्या आला," चेलो मध्येच बोलला. जेफा म्हणजे मी, त्याची वरिष्ठ. हे त्याने विसरू नये.

"तू गाडी चालव. नाकाचं काम नाकाला करू दे."

तो गाडीकडे वळला. पण त्याने मायतेकडे पाहिलं आणि मायतेने त्याच्याकडे. मला कळत नाही का? पोरगी दिसायला बरी आहे, दक्षिणेकडची आहे, पावसात वाढलेली, गाल अजून लाल. ती म्हणाली इथे समुद्र आहे, तर चेलो पोहायला लागेल.

परतताना गाडीत हळूच विचारते, "मे महिन्यात तुम्हाला तो मोठा ताप आला होता ना? त्यानंतर सगळं... ठीक आहे?" म्हणजे मी म्हातारी झाले, खंगले, असं सुचवायचं. मी सांगितलं, ठणठणीत आहे. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

१९ ऑगस्ट

आज लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

दुपारी लवकर घरी आले. मायतेची लाल गाडी आमच्या कोपऱ्यावर. आमच्या! ती निघून गेल्यावर मी आत गेले. टेबलावर दोन कप. उलिसेस सिंकशी उभा, मान खाली.

"कोण आलं होतं?"

"कुणी नाही."

"दोन कपांतून चहा पितोस का तू आता?"

"मायते आली होती," तो म्हणाला. "तुझ्याबद्दल विचारायला. काळजी वाटते तिला."

काळजी! माझा प्रकल्प घेतला, माझं नाव घेतलं, माझा ड्रायव्हर घेतला, आता नवऱ्याची काळजी घ्यायला घरी येते. मग उलिसेस कसा बोलला बघा. "तू एकदा डॉक्टरला भेटून ये ना गं. मी वेळ घेतलीय गुरुवारची. दिवस जाईल तुझा, पण मी सोबत येतो." मी म्हटलं, मला घराबाहेर काढायला डॉक्टर कशाला हवा, तुम्ही दोघं समुद्रावर जा. त्याने दोन्ही कप विसळले. पंचवीस वर्षांत हा माणूस भांडणात कधी गप्प बसला नव्हता.

झोपताना त्याच्या शर्टाची कॉलर हुंगली. बाईचं अत्तर असेल तर नाकाला कळल्यावाचून राहणार नाही. काही नव्हतं. म्हणजे धुऊन टाकला असणार. पक्का आहे.

२२ ऑगस्ट

डॉन एरिबेर्तोंनी केबिनमध्ये बोलावलं. आमचे मालक माणूस गोड, आणि गोड बोलले की काहीतरी हवं असतं.

"नेल्दा, एका रानाच्या दोन पाहण्या आहेत माझ्यापुढे. तुझ्यात सहावा पट्टा रिकामा. मायतेच्यात निशाणंच निशाणं. परवाना कार्यालयात दोन्ही देऊ का? हसतील."

"माझी द्या."

"गिऱ्हाईकालाही तेच हवंय. त्यांचं सबस्टेशन त्याच पट्ट्यात आहे. पट्टा गेला तर सगळा नकाशा नव्याने काढावा लागेल, वर्ष जाईल." मग खुर्ची पुढे ओढून, "तिकडे तुझ्या नाकावर कुणी शंका घेत नाही. बारा सप्टेंबरला अहवाल जायचाय. तू शेवटची सही कर. सगळ्या उत्तर विभागाची प्रमुख नेमायचीय मला. तू नाहीतर ती."

तू नाहीतर ती. माझ्या तोंडावर, असं. वीस वर्षं मिठात लोळून काढल्यावर मला एका लालगालीच्या पंगतीला बसवलं.

मी म्हटलं, "सही करीन. पण आधी तिचं पितळ उघडं पाडीन. सगळ्यांसमोर."

"कसं?"

"एक बीळ उघडून."

३ सप्टेंबर

बीळ उघडलं.

घरट्याला हात लावायला वेगळी परवानगी लागते, ती आमच्याकडे नव्हती. मायतेने तेच धरलं. मी म्हटलं, घरटं असेल तर परवानगी. रिकाम्या भोकाला कसली? आणि हे रिकामं आहे, मी हुंगलंय. डॉन एरिबेर्तोंनी खांदे उडवले. मी तिचंच एक निशाण निवडलं, जिथे ती म्हणे डोळ्यांत पाणी येईल इतका वास. पुन्हा एकदा पालथी पडले. सगळ्यांनी बघावं म्हणून चांगली सावकाश हुंगले. काही नाही.

"सेन्योरा नेल्दा, पाया पडते," मायते म्हणाली. खरंच गुडघ्यांवर बसली होती. "हवं तर मला कामावरून काढायला लावा. हे नका करू."

तिच्या डोळ्यांत पाणी बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? पकडली गेली म्हणून रडतेय, असं वाटलं. छिन्नी घेतली, मिठाचा पापुद्रा तोडला, खपली उचलली.

आत पिल्लू होतं. राखाडी कापसाचा गोळा, काळी चोच, प्रकाशाने डोळे मिटलेलं. मी ते उचललं. का उचललं, माहीत नाही. तोंडाजवळ नेलं आणि त्याने माझ्यावर पोटातलं तेल ओकलं. हनुवटीवर, ओठांवर, गळ्यावर, जॅकेटच्या आत. कोमट.

चेलो पाठ फिरवून ओकाऱ्या काढायला लागला. डॉन एरिबेर्तो रुमाल नाकाला लावून गाडीपर्यंत मागे गेले. मायतेने बाही तोंडावर धरली. आणि मी तशीच बसून होते, पिल्लू हातात घेऊन. ओठांवर खारट लागत होतं, तेवढंच.

मी विचारलं, "काय झालं? पळता काय सगळे?"

मायतेने माझ्याकडे पाहिलं. मग तिने माझ्या हातातून पिल्लू घेतलं, आत ठेवलं, वर खपली बसवली आणि फटींत चुरा भरला.

४ सप्टेंबर

काल घरी आले तर उलिसेसने दारातच अडवलं. जॅकेट काढून गच्चीवर फेकलं, मला न्हाणीघरात उभं केलं आणि डोक्यावर शॅम्पू ओतत राहिला. पुन्हा पुन्हा. खोकत होता, डोळे पुसत होता. मला वाटलं वासाने. वासाने नव्हतं.

"मे महिन्यापासून," तो म्हणाला. "त्या तापापासून. तू सडका मासा तळून वाढलास मला. गॅस चालू राहिला होता एकदा, मी आलो तेव्हा घर भरलं होतं, आणि तू नकाशे बघत बसलेली."

"दूध करपलं होतं."

"दूध नव्हतं करपलं, नेल्दा. मी दूध सांगितलं तुला."

"सांगायचं नाही का मग?"

"काय सांगू? तुला लोक नाक म्हणतात. वाटलं, येईल परत. लोकांचं येतं. मायतेला रानात संशय आला म्हणून ती मला विचारायला आली. आम्ही म्हटलं, डॉक्टरच सांगेल तर बरं."

आम्ही म्हटलं. आम्ही! माझ्या टेबलाशी बसून, माझ्या कपांतून चहा पीत, दोघांनी मिळून माझी कीव केली. त्यापेक्षा लफडं परवडलं असतं. लफड्यात निदान मला घाबरले असते.

आज गुरुवार. मागची वेळ मी चुकवली होती, उलिसेसने पुन्हा घेतली होती, गेले. डॉक्टरने कुप्या नाकाखाली धरल्या. लवंग, कॉफी, स्पिरिट. मी खिडकीकडे बघत नाही, नाही, नाही म्हणत होते. परत येईल का, तर सांगता येत नाही म्हणाला.

८ सप्टेंबर

डॉन एरिबेर्तोंनी आज स्वतः कॉफी ओतून दिली.

"झालं ते वाईट झालं," म्हणाले. "पण बघितलं कुणी? आपण चौघांनी. चेलो माझा माणूस आहे. मायतेचा करार महिनाअखेर संपतो, मी वाढवणार नाही. एक पिल्लू सापडलं, त्या जागेला कुंपण घालू. बाकीचा पट्टा निरंक. तुझं नाक जगाच्या दृष्टीने अजून जागेवरच आहे. सही कर आणि प्रमुखाच्या खुर्चीत बस."

मी विचार करते म्हटलं.

विचार कसला? मला हेच हवं होतं. ती जावी, खुर्ची मला मिळावी, लोकांनी नाक म्हणत राहावं. देवाने ताटात वाढून दिलं. संध्याकाळी चहा-पावाच्या वेळी उलिसेसला सांगितलं. पावावर पाल्ता फळाचा गर चोळता चोळता तो थांबला आणि म्हणाला, "तुझं तू बघ." हे वाक्य तो रागावला की म्हणतो.

पण तो कोण मला रागावणारा? ती पोरगी तीस वर्षांची आहे. तिला नोकऱ्या मिळतील. तिला सगळंच मिळेल.

१० सप्टेंबर

सकाळी स्वयंपाकघरातलं सगळं हुंगलं. कांदा. पिका गावची लिंबं, नखाने सालं काढून. अमोनियाची बाटली, डोळ्यांत पाणी आलं, नाकात काही आलं नाही. मग चेलोला फोन केला आणि रानात गेले. मायते तिथे एकटी काम करत होती, करार संपणार हे माहीत असूनही. असल्या लोकांचा मला फार राग येतो.

"तुम्ही?" ती म्हणाली.

"चालू दे तुझं. मी बघते."

ती पालथी पडली. मी शेजारीच बसले होते, तिचा चेहरा हातभर अंतरावर. आधी काही नव्हतं. डोळे मिटलेले, श्वास आत, आणि मग भुवया वर गेल्या, ओठ जरासे उघडले, आणि सगळा चेहरा सैल पडला. आत कुणीतरी आहे, हे कळल्याचा चेहरा. मला माहीत आहे तो. इतकी वर्षं माझा होता.

तिच्या मानेला धरून बाजूला ढकलावं आणि तिच्या जागी पडावं असं वाटलं. इतका हेवा मला आयुष्यात कुणाचा वाटला नाही, धाकट्या बहिणीचासुद्धा नाही, आणि तिला तर आईने काय काय दिलं. ती पुढच्या भोकाकडे गेली. तिथे चेहरा तसाच कोरा राहिला. "हे रिकामं," ती म्हणाली. आणि मला त्या भोकापाशी तिचा काडीचा हेवा वाटला नाही.

मी बसूनच राहिले. पुढचं भोक. चेहरा खुलला, मी जळले. त्याच्या पुढचं, कोरा चेहरा, मी शांत. दुपारपर्यंत हेच. ती निशाण लावायच्या आधी मला कळत होतं. नाक गेलं, पण जळफळाट शाबूत आहे, आणि तो चुकत नव्हता. जिथे काहीच नाही तिथे माणूस जळणार कशाला?

पट्टा भरलेला आहे. शेवटपर्यंत भरलेला आहे. जूनमध्ये मी त्यांच्या डोक्यावर पालथी पडून 'निरंक' लिहून आले.

"पिल्लाचं काय?" मी विचारलं. एवढा वेळ विचारायची हिंमत नव्हती.

"माहीत नाही," मायते म्हणाली. "परवापासून त्या बिळाला ताजा वास नाही."

तिने पुढच्या भोकाशी गुडघे टेकले. आणखी काही बोलली असती तर मी भांडले असते.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

अहवाल गेला.

मी सही केली. मायतेच्या पाहणीवर. शेवटी एक तक्ता असतो, कुणी काय काम केलं त्याचा. 'हुंगून तपासणी' या ओळीत मायते ओयार्सून लिहिलं. खाली माझी ओळ होती. तिथे लिहिलं: नेल्दा कार्वाहाल, मे महिन्यापासून वास येत नाही, जूनची पाहणी ग्राह्य धरू नये. आणि तीन सप्टेंबरला एक घरटं माझ्या हातून मोडलं, तेही लिहिलं. हे अहवाल सगळ्यांसाठी खुले असतात. आरिकापासून पुन्ता आरेनासपर्यंत कुणीही उघडून वाचावं.

डॉन एरिबेर्तोंना कळलं तेव्हा कागद जाऊन तास झाला होता. "स्वतःचं नाक स्वतःच्या हाताने कापलंस!" असे ओरडले की शिपायाच्या हातातला ट्रे हलला. मी म्हटलं, "नव्हतंच ते, डॉन एरिबेर्तो. होतं कुठे कापायला?" उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. मायतेला मात्र ठेवावंच लागेल, आता तिच्याच नावावर सगळा अहवाल आहे. हेही मीच केलं. माझ्याइतकी मूर्ख बाई शोधून सापडायची नाही.

मायतेने जिन्यात गाठून मिठी मारली. मी ताठ उभी राहिले. आणि मग तोंडातून गेलं, "रविवारी जेवायला ये." मनापासून बोलावलं का? नाही. पण गेलं तोंडातून.

१४ सप्टेंबर, रविवार

उलिसेस सकाळपासून खपतोय. कोंग्रिओ माशाचं कालवण, त्यात कोथिंबीर घालताना मला म्हणाला, "जरा बघ गं, बरं झालंय का," आणि मग जीभ चावली. मी चमचा घेतला, चव घेतली, छान झालंय म्हटलं. गरम होतं.

मी पडदे धुतले, फरशी पुसली. दाढी करून उलिसेस मागून आला आणि त्याने खांद्यावर हनुवटी टेकली. मी वळून त्याच्या मानेत नाक खुपसलं. पंचवीस वर्षं तिथे एक वास होता. बंदराचं ग्रीस, साबण, आणि खाली तो स्वतः. आज तिथे नुसती ऊब होती. तो म्हणाला, "काय शोधतेस?" मी म्हटलं, काही नाही.

खाली लाल गाडी थांबली. जिन्यावर पावलं वाजतायत. आता दार उघडेल, ती उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेल, आणि एका श्वासात तिला माझं सगळं घर कळेल. कालवण, ओले पडदे, माझा नवरा. माझ्याच घरात, माझ्याआधी.

उलिसेस दार उघडायला निघाला होता. मी म्हटलं, थांब, मी उघडते.